गुडघ्या तलावाचे आंदण

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला तलाव एकदा पाहिलेला माणूस त्याची पाळ विसरत नाही. दोन टेकाडांच्या मध्ये मातीचा उंच बांध, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, आणि वरून बैलगाडी जाईल एवढी सरळ वाट. धामणटोल्याच्या तलावाची पाळही पूर्वेच्या टेकाडापासून निघते ती नाकासमोर. पण निम्म्यावर आली की तिला एकाएकी काय होते कोण जाणे, ती पाण्याकडे आत वळते, एका खोलगट, चिखलाच्या तुकड्याला वळसा घालते आणि पलीकडून बाहेर येऊन पुन्हा आपली जुनी ओळ धरते. कागदावर या तलावाचे नाव काहीही असो, पंचक्रोशीत त्याला गुडघ्या तलाव म्हणतात. माणसाचा गुडघा पुढे वाकतो आणि सारसाचा मागे, तर ही पाळ कोणाच्या गुडघ्यासारखी वाकली, असे विचारून गावात नव्या जावयाची फिरकी घेतात. जावई काहीही म्हणाला तरी चुकतोच.

पावसाळ्यात इथे सारस पाहायला माणसे येतात. गळ्यात दुर्बिणी, पायांत कोरे गमबूट, आणि पहिला प्रश्न ठरलेला: पाळ बांधणाऱ्याचे काही चुकले होते का? तलावाचे पाणी बांध्यांना आळीपाळीने सोडण्यात ज्यांचे केस पिकले ते कवडूजी कापगते हा प्रश्न ऐकला की आधी तंबाखू चोळून घेतात आणि मग विचारणाऱ्याला बसायला सांगतात. उभ्याने ऐकण्याची ही गोष्ट नव्हे, आणि अर्धी ऐकून उठणाऱ्याला ती सांगूच नये, असे त्यांचे मत आहे.

सगळे बसले की ते पाळीच्या खालची ती खोलगट जागा बोटाने दाखवतात. तिथे बहुधा जोडा असतोच. उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला लागेल एवढा पक्षी, राखी अंग, लालसर लांब पाय, आणि मान अशी लालभडक की कुणी कुंकवाच्या परातीत बुडवून काढावी. माथ्यावर तेवढी फिकट टोपी. चालतो तो कुठेही जायची घाई नसलेल्या माणसासारखा, पाऊल उचलताना बोटे मिटून आणि टेकताना पुन्हा पसरून. कंद उकरतो, गोगलगायी खातो, बेडूक दिसला तर सोडत नाही, आणि पिकलेल्या लोंब्याही ओरपतो. कवडूजी हे लपवत नाहीत. झाडावर बसणे त्याला जमत नाही, त्याच्या पायाला फांदी धरता येत नाही. म्हणून त्याचे घर पाण्यात. लव्हाळे आणि गवत ओढून केलेला मोठा ढीग, त्यावर अंडी, आणि आळीपाळीने बसणारी दोघे. नर एकदा ओरडतो, त्यावर मादी दोनदा ओरडते, आणि ते ओरडणे शेजारच्या गावात ऐकू जाते. यावर पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास हसतो.

"हासू नका जी," कवडूजी त्याला म्हणतात. "एक बाई बोलली म्हनून हा तलाव हाये."

ती बाई म्हणजे भिवरा, इस्तारी पाटलाची थोरली सून. फार पूर्वी, जेव्हा या भागात घरांपेक्षा मोहाची झाडे जास्त होती, तेव्हा इस्तारी कोहळी आपले कुटुंब आणि आणखी काही घरे घेऊन इथे आला, असे सांगतात. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी जात; कोहळी जिथे जाई तिथे आधी तलावाची जागा पाही, घराचे नंतर. इस्तारीने जागा हेरली, राख टाकून पाळीची रेघ ओढली, आणि ती रेघ इतकी सरळ होती म्हणे, की एका टोकाला उभे राहून, एक डोळा मिटून त्याने दुसऱ्या टोकाची काठी पाहिली आणि मिशीतल्या मिशीत हसला. पाळ बांधून झाली. तलाव भरला. आणि मधोमध, जिथून पूर्वी नाला वाहत होता, तिथे पाळ फुटली.

पुन्हा बांधली, पुन्हा तिथेच फुटली. खिंडार पडले की धावते पाणी खालची माती खरवडून नेई, तिथे मोठा खड्डा पडे, खड्ड्यात चिखल साचे, आणि माणसे त्याच चिखलावर नवी माती ओतत. रेघ सोडायची नाही, हा इस्तारीचा हट्ट. सरळ पाळ ही कोहळ्याची अब्रू होती. वाकड्या पाळीच्या गावात पोरगी कोण देईल, असे तो चारचौघांत विचारी. असेच एकदा खिंडार बुजवताना भिवराचा नवरा नथू पाळीवर होता. पाळ पायाखालून गेली आणि तिच्याबरोबर नथूही गेला. त्याचे अंग खालच्या बांधीत, रोपांमध्ये अडकलेले सापडले.

तेव्हापासून भिवराने पाळीवर पाऊल ठेवायचे नाही असे ठरले. कोणी ठरवले हे कोणी सांगत नाही, गावात अशा गोष्टी आपोआप ठरतात. कपाळ पुसलेल्या बाईचा हात लागला तर पाळ टिकायची नाही, एवढेच बायका एकमेकींना हळू आवाजात सांगत. लग्नाच्या हळदीला तिचा हात नको, पेरणीच्या बियाला नको, आता मातीलाही नको. तिला काम दिले ते तलावाखालच्या शेवटच्या बांधीतली पाखरे हाकलण्याचे.  पण ती कुढत बसणारी बाई नव्हती. तिला राग येई, आणि राग आला की ती काम करी. त्या वर्षी तिच्या बांधीत औषधालाही तण सापडले नसते.

मुलगा गेल्यावर इस्तारी पाटील गावदेवीपुढे नवस बोलला. "माय, पाळ टिकू दे. पाळीले जोडा देईन." त्याच्या मनात बोकडांचा जोडा होता की आणखी काही, ते त्यालाही नीट ठाऊक नव्हते. मुलगा गमावलेला बाप बोलत होता, शब्द तोलून बोलण्याची ती वेळ नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात पाळ पुन्हा भरली. बोकडांचा जोडा दिला. आणि आषाढात पाळ फुटायची तिथेच फुटली.

मग पाऊसच गेला. श्रावणात अशी उघडीप पडली की बांध्यांतल्या चिखलाला भेगा दिसू लागल्या. आता गावाला एकच आशा उरली होती. उघडीप आहे तोवर खिंडार बुजवायचे आणि हस्त नक्षत्रातला हत्तीचा पाऊस येईल तो तलावात धरायचा. तो पाऊसही वाहून गेला तर लोंब्या पोचट राहणार आणि गाव उठणार, हे लहान पोरालाही कळत होते. दोन-चार घरांत गाड्या जुंपायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या.

याच उघडिपीत सारसाचा जोडा आला. खिंडारातल्या खड्ड्यात पाणी होते, भोवती लव्हाळे माजले होते, खाली पाय रुतेल असा मऊ चिखल होता. सारसाला आणखी काय हवे? भिवराने त्यांना पहिल्यांदा पाहिले ते नाचताना. नराने पंख पसरून उडी घेतली, चोचीतली काडी हवेत फेकली, मादीने मान झुकवून त्याच्याभोवती फेर धरला, आणि मग दोघांनी चोची आभाळाकडे करून असा आवाज केला की बांधीतली सगळी पाखरे उडाली. तिचे हाकलण्याचे काम त्या दिवशी फुकटात झाले. मग ती दोघे गवत ओढू लागली. ढीग वाढला, त्यावर दोन मोठी अंडी आली. एकदा एक कोल्हा बांधावरून वाकून पाहत होता, तर दोघे पंख फुगवून अशी चालून गेली की तो शेपूट घालून पळाला. भिवरा मोठ्याने हसली. नथू असता तर त्याला हाक मारून दाखवले असते, असे तिच्या मनात आले, आणि मग तिला हसल्याचाच राग आला. घरट्याविषयी ती घरी कोणाला काही बोलली नाही.

पण एवढा मोठा पक्षी किती दिवस लपणार? टोपल्या वाहणाऱ्यांचा म्होरक्या चैतू खिंडार पाहायला आला आणि त्याने अंड्यांवर बसलेली मादी पाहिली. त्याच संध्याकाळी देवीच्या मोहाच्या झाडाखाली सगळे गाव जमले.

"पाटील, तुमी बोकडं देल्ली, पाळीनं घेतली नाई," चैतू म्हणाला. "आता तिनं आपला जोडा आपनच बलावला. बरोबर खिंडारात आनून बसवला. आनखी का सांगावं तिनं?"

 मग एकेक मान हलू लागली. खरेच तर होते. एवढी पाणथळ जागा सोडून पक्ष्यांनी नेमके खिंडारच का धरावे?

"मादीले अंड्यावर धरून खिंडारात गाडलं का झालं," चैतू पुढे म्हणाला. "नराच्या मांगं पळा लागत नाई. सारस का एकटा जगते? तो आपसुक येते मातीखाली."

"पाखरू बरं बापा," मागून कोणीतरी म्हटले. "जोडीदार गेला तं अन्न सोडते." आणि बऱ्याच नजरा बायकांच्या घोळक्याकडे, भिवराकडे वळल्या.

भिवरा आजवर सभेत बोलली नव्हती. ती पुढे आली. 

"मी जेवली," ती म्हणाली. "दोनी वेळा जेवली. नसती जेवली तं तुमच्या बांध्या कोन राखल्या असत्या?" मग ती सासऱ्याकडे वळली. "मामाजी, तुमी देवीपुढं का बोलले?"

"पाळीले जोडा देईन."

"मारीन म्हनलं का?"

इस्तारीने मान आडवी हलवली.

"पोरगी देल्ली म्हनतो आपन," भिवरा म्हणाली. "माह्या बापानं मले तुमच्या घरी देल्लं. मारून देल्लं का? हळद लावून देल्लं, नांदाले देल्लं. तुमी पाळीले जोडा द्या, कोन नाई म्हनते? पन जित्ता द्या. तिथं नांदू द्या त्यायले."

हा अर्थ कोणालाच सुचला नव्हता. देणे म्हणजे बळी देणे, हे सर्वांनी मनाशी धरून ठेवले होते, आणि मुलगी देतात तेव्हाही हाच शब्द वापरतात याची आठवण एका सुनेने करून द्यावी लागली. बायकांमध्ये कुजबुज झाली.

"मंग पाळ कोठून न्याची?" चैतूने विचारले. "आभाळातून?"

"आतून. तो खड्डा बाहेर ठेवा, पाळ पान्याच्या आंगानं वळवा."

पुरुषांत हशा पिकला. इस्तारी मात्र हसला नाही. वाकडी पाळ! त्याच्या हातची! त्याचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

"दुप्पट माती लागंल," चैतू म्हणाला. "कोन वायनार?"

"मी वाईन."

तेव्हा इस्तारी पहिल्यांदा बोलला. "तुवा हात पाळीले लागनं बरं नाई, भिवरा."

"माहा हात नव्हता, तवा टिकली का?" ती म्हणाली. "पाळीनं माहा जोडा मोडला, मामाजी. आता दुसरा मोडू देनार नाई मी."

इस्तारी उठला आणि घराकडे चालू लागला. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. सभा तशीच उठली.

सकाळी गाव जागे झाले तेव्हा भिवरा तलावात उतरली होती. तिने चुलीतली राख आणली होती आणि खिंडाराच्या एका कडेपासून तलावाच्या पोटातून दुसऱ्या कडेपर्यंत स्वतःच रेघ ओढली होती. रेघ काही नीट नव्हती, मध्ये दोनदा हलली होती. ती टेकाडाच्या उतारावर माती खणी, टोपली भरी, डोक्यावर घेई आणि रेघेवर आणून उलटी करी. एका बाईच्या टोपलीने तलावाला पाळ व्हायची म्हणजे चेष्टाच होती, आणि पुरुषांनी ती यथेच्छ केली. भिवराने कोणाकडे पाहिले नाही. दुपारी ती भाकर खायला बसली, तीही पाळीच्या रेघेवर, सगळ्यांना दिसेल अशी. पोटभर जेवली आणि पुन्हा उठली.

दुसऱ्या दिवशी तिची धाकटी जाऊ सायत्रा टोपली घेऊन आली. नवऱ्याने अडवले तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "उद्या तू गेला तं मलेबी पाखरं हाकलाले बसवतील." तिच्यामागून आणखी बायका आल्या. कोणी सासूला सांगून आली, कोणी न सांगता. मातीचा ढीग आता लांबून दिसू लागला होता.

हे पाहून चैतूचा धीर सुटला. चैतू वाईट माणूस नव्हता, हे कवडूजी दर वेळी मुद्दाम सांगतात. त्याच्या घरात खाणारी तोंडे होती, आभाळात ढग दिसू लागले होते, आणि बायकांच्या हट्टापायी गाव बुडणार असे त्याला मनापासून वाटत होते. तो सुताचा फास घेऊन खड्ड्यात उतरला. मादी अंड्यांवरून हलली नाही. नर मात्र असा आला की चैतूला फास टाकायची सवडच मिळाली नाही. पंखांचे दोन तडाखे बसले, एक चोच कपाळावर बसली, आणि चैतू तोल जाऊन चिखलात आडवा झाला. वरून बायका हसल्या आणि त्याला चढायचा तेवढा संताप चढला. त्याने काठावरचा फावड्याचा दांडा उचलला.

भिवरा पाण्यात उतरली आणि त्याच्या आणि घरट्याच्या मध्ये उभी राहिली. सारसाला माणसातला आपला-परका काय कळणार? नराने तिलाही एक चोच मारली, असे सांगतात. तिच्या खांद्यातून रक्त आले. ती हलली नाही.

"बाजूले हो," चैतू म्हणाला.

"नाई होनार."

"दांडा खाली ठेव, चैतू," काठावरून आवाज आला.

इस्तारी पाटील उभा होता. त्याच्या हातात पितळी ताट होते आणि ताटात हळदीत माखलेले तांदूळ. सभेपासून तो घराबाहेर पडला नव्हता, जेवलाही नव्हता म्हणे. तो तसाच धोतरासकट चिखलात उतरला. त्याने ओंजळ भरली, घरट्याच्या दिशेने तांदूळ टाकले, आणि लग्नात मुलगी देताना बापाचा आवाज होतो तशा आवाजात म्हणाला, "हा जोडा पाळीले देल्ला. नांदाले देल्ला." मग तो चैतूकडे वळला. "आता हा माहा नाई, तुवाबी नाई. देल्लेलं कोनी वापस घेत नाई. हात लावला तं पाळीच्या घरच्या मानसाले लावला."

दांडा चैतूच्या हातातून गळाला. इस्तारी वर आला, खिंडार बुजवायला पुन्हा ओढलेल्या आपल्या जुन्या सरळ रेघेवर उभा राहिला आणि जी काही राख उरली होती ती त्याने पायाने पुसून टाकली. ज्यांनी ते पाहिले त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले, की नथूला पोचवून आला तेव्हाही पाटलाचा चेहरा असा झाला नव्हता. मग त्याने सुनेच्या हललेल्या रेघेकडे पाहिले, दोन ठिकाणी ती नीट केली, आणि टोपली उचलली.

त्यानंतर सगळे गाव आले. चैतूही आला, कपाळाला हळद लावून. नव्या रेघेवर पाया खणला तेव्हा हातभर गाळाखाली कुदळ खणकन वाजली. खाली मुरूम होता, दगडासारखा घट्ट. नाल्याच्या मऊ पात्रावर ते इतकी वर्षे माती ओतत होते, आणि थोडे आत सरकले असते तर पाळीला पाय ठेवायला जागा होती. देवीने दाखवले, असे काही म्हणतात. सारस चिखल सोडून घर करत नाही, म्हणून त्याला वळसा घातला की पाळीचा पाय चिखलातून सुटतोच, असेही काही म्हणतात. कवडूजींना दोन्ही पटते. इस्तारी त्या मुरमावर कितीतरी वेळ हात ठेवून बसला होता, एवढेच ते सांगतात.

पाळ जमिनीतून वर आली, गुडघ्यासारखी वाकलेली. खाली जोड्याचे चालूच होते. एक बसे, दुसरा चरायला जाई, परतल्यावर दोघे ओरडत आणि टोपल्या वाहणाऱ्या बाया त्यांना साद देत. शेवटी अंडी फुटली. तांबूस, लुटूलुटू चालणारी दोन पिल्ले आईबापांच्या पायांतून फिरू लागली. आणि वरची माती अजून ओलीच होती तेव्हा हत्तीचा पाऊस आला.

तो असा आला की टेकाडे दिसेनाशी झाली. तलाव चढू लागला. लोक टेकाडावर जाऊन उभे राहिले, कारण पाळ फुटते तेव्हा काय होते हे सर्वांनी पाहिले होते. भिवरा गेली नाही. ती वळणावर, नव्या मातीवर उभी राहिली.

"उतर खाली!" सासरा टेकाडावरून ओरडला.

"माती मी टाकली. मीच पाईन, टिकते का."

इस्तारी पाळीवर चालत आला. त्याला वाटले होते, तिला धरून न्यावे. पण जवळ आल्यावर तो तिच्या शेजारी नुसता उभा राहिला. मग सायत्रा आली, मग बाकीचे, एकेक करून, पायांनी ओली माती दाबत. आणि तेव्हा, असे सांगतात, खालून जोडा वर आला. आधी नर, मागे मादी, तिच्या पायांत पिल्ले. कच्च्या मातीवर त्यांनी पंख पसरले आणि ते नाचू लागले. उडी मारून खाली आले की त्यांचे पाय मातीत दाबून बसत. धुवांधार पावसात गाव आणि सारस एकाच पाळीवर पाय आपटत होते म्हणे, आणि पाळ तुडवायला बैल लागले नाहीत. हे पाहिलेले आज कोणी नाही. पण पाणी काठाला लागले, काठावर थांबले, आणि पाळ फुटली नाही, हे तर समोर दिसतेच.

त्या वर्षी धान घरात आले. गाड्या जुंपल्या गेल्या नाहीत. वळणाखालची ती खोलगट बांधी इस्तारीने जोड्याला आंदण दिली, आणि मुलीला दिलेल्या आंदणावर माहेरचे लोक जसे नजर ठेवत नाहीत, तसे गावाने तिथे कधी धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, केली नाही. आसपासच्या बांध्यांत सारसाने लोंब्या खाल्ल्या तर माणसे कुरकुरतात, शिव्याही देतात, पण त्या घरच्या जावयाला देतात तेवढ्याच.

पुढच्या उन्हाळ्यात पाळीची डागडुजी निघाली. रिवाजाप्रमाणे पाटलाच्या घरची सवाष्ण पहिली टोपली घेऊन पुढे झाली, तेव्हा इस्तारीने तिला थांबवले. "भिवराले येऊ द्या," तो म्हणाला. आणि भिवराने माती टाकेपर्यंत त्याने कोणाला कुदळ उचलू दिली नाही.

आजही धामणटोल्यात पाळीवर पहिली टोपली विधवा बाईची पडते. ज्या घरचे दुःख ताजे, त्या घरच्या बाईचा मान. तिला बोलवायला कोणी जात नाही, कारण हा मान आहे, हुकूम नव्हे. पण ती येईपर्यंत काम सुरूही होत नाही. कवडूजी गोष्ट इथे संपवतात आणि तंबाखूची डबी कनवटीला लावतात. पुढचे गावातले दुसरे कोणीतरी सांगते. काही वर्षांपूर्वी कवडूजींचा मुलगा गेला. सून वैजंता, लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. त्या उन्हाळ्यात सगळे गाव टोपल्या घेऊन वळणावर उभे राहिले आणि ती आली नाही. ऊन डोक्यावर आले. म्हाताऱ्या खाली बसल्या, पोरे तहानेने रडू लागली. कवडूजी फावड्यावर हात ठेवून घराच्या वाटेकडे पाहत होते, पण त्यांनी हाक मारली नाही. अखेर वैजंता आली. कोणाकडे न पाहता ती थेट चालत गेली, टोपली भरली, वळणावर उलटी केली. मग तिने पदराने तोंड पुसले आणि एवढा वेळ उभ्या असलेल्या गावाकडे वळून म्हणाली,

"उभे काहून रायले? हात चालवा."